गळ्यातला ताईत

परवा धाकट्या नातवाला लाडाने 'माझा गळ्यातला ताईत' म्हटलं, तर तो विचारतो, "आजोबा, ताईत म्हणजे काय?" वर्गात उभा जन्म शब्दार्थ सांगण्यात गेला, पण या शब्दाच्या मुळाशी कधी गेलो नव्हतो. शोधायला बसलो आणि थेट अरबस्तानात पोचलो.

ताईत हा मूळचा अरबी 'तअवीज'. त्याच्या धातूचा अर्थ आश्रय मागणे. कुराणाच्या अगदी शेवटच्या दोन सूरा, ११३ वी अल-फलक आणि ११४ वी अन-नास, यांच्या आरंभीच या धातूचं क्रियापद येतं. आश्रय कशापासून? गाठींवर फुंकर मारून जादू करणाऱ्यांपासून, मत्सरी माणसापासून, मनात कुजबुजणाऱ्या सैतानापासून. जादूटोण्याला अरबीत 'सिह्र' म्हणतात. दुसऱ्या सूरेच्या १०२ व्या आयतीत बाबिल नगरीतल्या हारूत आणि मारूत या फरिश्त्यांच्या संदर्भात नवराबायकोत फूट पाडणाऱ्या सिह्राचा उल्लेख आहे. पण ईश्वराच्या इच्छेविना तो कुणाचंही वाईट करू शकत नाही, असंही तिथेच बजावलं आहे.

नवव्या शतकातल्या बुखारींच्या हदीससंग्रहात एक कथा आहे. मदिनेतल्या लबीद नावाच्या माणसाने कंगवा आणि त्यात अडकलेले केस घेऊन प्रेषित महंमदांवर करणी केली आणि ते सगळं एका विहिरीत टाकलं. न केलेली गोष्ट केल्यासारखी प्रेषितांना वाटू लागली. पुढे उलगडा झाला आणि ते बरे झाले. पण त्यांनी त्याचा गवगवा केला नाही. ईश्वराने मला बरं केलं, आता लोकांत वैर पसरायला नको, या अर्थाचं ते बोलले आणि विहीर बुजवून टाकायला सांगितली.

ही कथा सर्वांनीच मानली असंही नाही. दहाव्या शतकातले बगदादचे हनफी पंडित अल-जस्सास यांनी ती नाकारली. ताइतावरही वाद झाले. कुणी म्हणाले, फक्त कुराणाची वचनं असतील तर चालेल. कुणी म्हणाले, मुळीच नको, तोंडाने प्रार्थना करावी.

हे वाचताना मला आमचा वाडा आठवला. मी सात वर्षांचा असताना ताप उतरेना, तेव्हा आईने दर्ग्याजवळच्या मौलवींकडून ताईत आणून माझ्या गळ्यात बांधला. डॉक्टरांचं औषधही चालूच होतं. मी बरा झालो. ताइताने कुणाचंच काही बिघडलं नाही. बिघडवलं ते संशयाने. करणी शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजींची, असं कुणीतरी बोललं आणि वाड्याने त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्या मला शेंगदाण्याचा लाडू द्यायच्या. मीही त्यांच्या दारात जायचा थांबलो. वर्षभरात त्या वाडा सोडून गेल्या.

डॉ. दाभोलकरांनी ज्यासाठी जन्म वेचला तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये, त्यांच्या हत्येनंतर झाला. कुणी करणी करतो असं भासवून त्याचं जगणं मुश्कील करणं हाही त्यात गुन्हा आहे. वाड्यात तेव्हा असा कायदा नव्हता. पण विहीर बुजवून गप्प राहण्याचं शहाणपण त्याच्या कितीतरी शतकं आधीचं होतं. ते आमच्यापर्यंत पोचलं नाही, ताईत मात्र पोचला.

नातवाला एवढंच सांगितलं, ताईत म्हणजे आसरा. आजींची गोष्ट तो मोठा झाला की सांगेन.