विष, रक्त आणि पडद्यावरचा अस्पृश्य

बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' १९३६ चा. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बाबासाहेब मुंबईच्या महार परिषदेत धर्मांतराची कारणे सांगत होते. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाला न पचलेले भाषण त्यांनी स्वतःच छापून लोकांपुढे ठेवले, तेही याच वर्षी. समाज गुलामीचा धर्म सोडायला निघाला होता, पडद्यावर मात्र दयेचे वाटप सुरू होते.

या चित्रपटातला दुखिया रेल्वे फाटकाचा राखणदार. साप चावलेल्या ब्राह्मणाचे विष तो तोंडाने शोषून काढतो, तेव्हा कुठे दोन घरांत मैत्री जुळते. त्याची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मणाचा प्रताप यांचे लग्न मात्र होत नाही. शेवटी त्याच फाटकावर गाडी थांबवायला धावलेली कस्तुरी मरते. प्रताप जिवंत राहतो. (देविका राणींच्या कोरलेल्या भुवया आमच्या कुठल्या महारवाड्यातल्या होत्या, हे विचारत नाही.)

आता बिमल रॉय यांचा 'सुजाता' घ्या. साल १९५९. नागपूरच्या धम्मदीक्षेला जेमतेम तीन वर्षे झालेली. चित्रपटात गांधीजी आहेत, टागोरांची 'चंडालिका' आहे, म्हणजे बुद्धाच्या काळातली कथासुद्धा आहे. पण लाखोंनी नुकताच स्वीकारलेला बुद्ध नाही, बाबासाहेब नाहीत. सुजाताला घरात वाढवणारी चारू तिला 'मुलगी' म्हणायला तयार नसते. चारूला रक्त लागते, ते एकट्या सुजाताचेच जुळते आणि मग आईचे मन पालटते. नूतन आम्हालाही आवडते, ती थोर अभिनेत्रीच. पण तेवीस वर्षांत बदलले काय? आधी विष शोषायचे, आता रक्त द्यायचे. माणूस म्हणून मान्यता हवी तर आधी सवर्णाचा जीव वाचवून दाखवा! प्रतापला किंवा अधीरला अशी परीक्षा कोणी घेतलेली नाही.

ही अट मोडायला नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' यावा लागला. शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीमाई यांची चित्रे आहेत आणि त्याच भिंतीसमोरून जब्याच्या घरचे मारलेले डुक्कर खांद्यावर टांगून नेतात. कॅमेरा तिथे घाई करत नाही. जब्या कोणाचा जीव वाचवत नाही, कोणाचे मन जिंकत नाही. तो दगड भिरकावतो, आणि तो सरळ आपल्याकडे, पाहणाऱ्याकडे येतो.