दिवाडीचे कपेल आणि त्याच्या पायातले देऊळ

आमच्या घरात एक वाक्य पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे : ‘आपले मूळ दिवाडीचे.’ लग्नपत्रिका काढताना, कुलदेवतेला नारळ ठेवताना आजोबा ते हमखास सांगत. देवाला रात्री होडीत घालून नदीपार नेले, मागोमाग माणसे निघाली आणि चालत चालत कोणी डिचोलीत राहिले, कोणी सावंतवाडीत, तर कोणी आमच्यासारखे थेट घाटाच्या पायथ्याशी वैभववाडीपर्यंत आले, अशी ती हकीकत. तिला कागदाचा आधार काहीच नव्हता. कुलदैवत मात्र होते : गोव्याच्या डिचोली तालुक्यातील नार्व्याचा सप्तकोटेश्वर. तिथे आम्ही अनेकदा गेलो. ज्या बेटावरून तो देव आला म्हणतात, त्या दिवाडीवर मात्र घरातले कोणीही गेलेले नव्हते. ‘तिथे काय आहे आता? पडकी भिंत आणि पाद्रींचे कपेल,’ असे म्हणून आजोबा विषय संपवत.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस मी ती पडकी भिंत पाहायला गेलो. वैभववाडी रोड स्थानकावर गाडी पकडली, करमळीला उतरलो, जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली. फेरीबोटीला लागतात ती मोजकी मिनिटे; आमच्या घराण्याला ती ओलांडायला साडेचारशे वर्षे लागली. मनात थोडा राग घेऊनच गेलो होतो, हे आधीच कबूल केलेले बरे.

आधी देवळाविषयी जे पक्के माहीत आहे ते सांगतो. दिवाडी, पुराणांतली दीपवती, हे मांडवीच्या मुखाजवळचे बेट. त्याच्या उत्तर टोकाला नार्वे नावाचा वाडा आहे. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान तिथले. गोव्याच्या कदंब राजांचा तो कुलदेव. बाराव्या शतकातील शिवचित्त परमर्दी आणि त्याच्या नंतरचे राजे आपल्या सोन्याच्या नाण्यांवर ‘सप्तकोटेश्वराच्या वरप्रसादाने लाभलेला’ अशा अर्थाचे बिरुद कोरत. म्हणजे हे देऊळ राजसत्तेच्या शिक्क्यावर नाव असलेले देऊळ होते. चौदाव्या शतकात बहमनी सैन्याने ते पाडले. पुढे विजयनगरच्या माधव मंत्र्याने गोवे जिंकून देवाची पुन्हा स्थापना केली. शके १३१३, म्हणजे इसवी सन १३९१ च्या ताम्रपटात त्याचा उल्लेख येतो. पोर्तुगीजांनी गोवे घेतले १५१० मध्ये आणि तिसवाडीतील देवळे पाडण्याची मोहीम सुरू झाली १५४० पासून. त्या लाटेत सप्तकोटेश्वराचे देऊळ दुसऱ्यांदा पडले आणि त्याच शतकात त्या जागेवर ‘कांदेलारिया’ माऊलीचे कपेल उभे राहिले.

वाचकांनी इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपण ‘देऊळ पाडून कपेल बांधले’ असे एका दमात म्हणतो. जमिनीच्या हिशेबात मात्र ती एक घटना नाही, किमान चार आहेत : कदंबांचे देऊळ, त्याचा विध्वंस, विजयनगरकाळातले पुनर्निर्माण आणि मग कपेल. आणि आता पाचवी : कपेलही पडले. नार्व्यातल्या झाडीत आज उभे आहेत ते जिंकणाऱ्यांच्या वास्तूचे अवशेष. शेजारी कोटितीर्थ नावाची पायऱ्यापायऱ्यांची जुनी तळी आहे. तीच काय ती पहिल्या मालकाची खूण.

कपेल का पडले, याला कोणाचा हात लागला नाही. कोकणातला जांभा ज्याने पाहिला आहे त्याला हे समजावून सांगायला नको. आमच्याकडे घरासाठी चिरा काढतात तोच हा दगड. खाणीतून काढताना मऊ, वाऱ्यावर टणक होणारा, पण सच्छिद्र. त्याच्यावर चुन्याचा गिलावा असेल तोवर तो शतके टिकतो. छप्पर गेले, गिलावा सुटला की प्रत्येक पावसाळा त्याला थोडाथोडा खातो. मग पिंपळ-वडाचे बी सांध्यात रुजते आणि मूळ भिंत उकलते. माणसांची वस्ती घटली, डागडुजी थांबली, की कपेल असो की देऊळ, पाऊस दोघांना सारखाच वागवतो.

मग इथे पुरातत्त्व काय सांगू शकते? माझ्यासारखा हौशी माणूस अशा ठिकाणी पहिल्यांदा काळा दगड शोधतो. कारण सोपे आहे : गोव्याचा दगड जांभा, कदंबांनी कोरीव कामासाठी काळा पाषाण घाटापलीकडून आणला, असे अभ्यासक सांगतात. तांबडी सुर्लाचे महादेवाचे देऊळ तसेच, आणि गोव्यात धडपणे उभे राहिलेले त्या घडणीचे ते एकमेव. तेव्हा कपेलाच्या भिंतीत काळा घडीव दगड दिसला की ‘हा देवळाचाच’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण जुन्या गोव्यातल्या बों जेझूच्या दर्शनी भागातही काळा पाषाण आहे, आणि तो वसईहून जहाजाने आला, असे सांगतात. म्हणजे दगडाचा रंग हा पुरावा नव्हे. त्याची घडण, त्याच्यावरच्या छिन्नीच्या खुणा, तो भिंतीत मूळचा आहे की उलटा बसवलेला आहे, हे पाहावे लागते. हे मी तिथे उभा राहून माझ्या वहीत लिहिले आणि आधी लिहिलेल्या दोन ओळी खोडल्या.

तिथून मी बेटाच्या मधल्या टेकडीवर गेलो, पियेदादच्या इगर्जीत. आज दिसते ती इगर्ज अठराव्या शतकाच्या आरंभी उभी राहिली, आणि तिचा आराखडा आंतोनियो जुआंव द फ्रियास या गोमंतकीय पाद्रींचा मानला जातो. म्हणजे दोनशे वर्षांनी इगर्जीचा रचनाकारही इथल्याच मातीतला. पण मला पाहायचे होते शेजारचे सिमितेर, म्हणजे दफनभूमी. तिथे एक लहानसे कपेल आहे. त्याच्या छताचे चुन्यातले रंगीत नक्षीकाम आणि दगडी जाळी पाहून अभ्यासकांनी ते कदंबकाळातील देवळाचा उरलेला भाग मानले आहे. टेकडीवर गणपतीचे देऊळ होते, अशी परंपरा आहे. दिवाडीचा तो गणपती मुक्काम बदलत बदलत शेवटी खांडोळ्याला स्थिरावला. नार्व्याच्या कपेलाने देवळाची जागा घेतली, तर इथल्या कपेलाने देवळाचा एक तुकडाच आपल्या पोटात सांभाळला. एकाच बेटावर दोन रीती.

ऑक्टोबर संपत आला होता आणि नोव्हेंबरच्या २ तारखेला ख्रिस्ती लोकांचा मृतांचा दिवस. एक वृद्ध बाई एका कबरीभोवतीचे गवत काढत होत्या. मी चौकशी केली, तेव्हा त्यांनी सिमितेराचा व्यवहार समजावला. कायमची कबर थोड्यांचीच. इतरांना काही वर्षांनी जागा रिकामी करावी लागते. हाडे काढून वेगळी ठेवतात आणि त्याच खड्ड्यात दुसरा माणूस जातो. ‘एकाच फोंडांत आमचीं कितलीं जाणां आसात, तें देवाकच खबर,’ त्या म्हणाल्या. मी कुठला, असे त्यांनी विचारले. वैभववाडी त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून मी मूळ दिवाडीचा असल्याचे सांगितले. त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाल्या, ‘मागीर आमचोच मरे तूं.’ आणि पुन्हा गवत काढू लागल्या.

त्या वाक्याने मला जरा अडचणीत टाकले. आजोबांच्या हकीकतीत देव गेला, मागोमाग माणसे गेली. पण सगळी गेली नाहीत. बहुतेक राहिली. शेत होते, बांध होता, म्हातारी आई होती. त्यांनी नवे नाव घेतले आणि त्याच खाजनात भात लावला. ज्यांना आम्ही मनातल्या मनात पलीकडचे धरत आलो, ते आमच्याच न निघालेल्या भावांचे वंशज असण्याचा संभव अधिक. देवळाच्या पायावर कपेल, तसेच या मातीत आमच्याच लोकांच्या कबरी.

सिमितेराचा व्यवहार ऐकून पुरातत्त्वाचीही अडचण कळते. उत्खननाचा मूळ नियम असा की खालचा थर जुना, वरचा नवा. पण जिथे तोच खड्डा पुन्हा पुन्हा उकरला गेला, तिथे थर कालवले जातात. त्यात आणखी एक भर. पूर्वी मृतांना इगर्जीच्या जमिनीखालीच पुरत. गावाबाहेर वा आवारात वेगळी दफनभूमी ही पोर्तुगालमध्ये १८३५ च्या हुकुमाने रूढ झालेली आणि मग वसाहतींत आलेली रीत. म्हणजे कपेल जुने म्हणून त्याच्या भोवतीच्या कबरीही जुन्या, असे धरता येत नाही.

तरीही चिकाटी असेल तर काय हाती लागते, याचे उदाहरण दिवाडीच्या फेरीधक्क्यावरून डोळ्यांना दिसते. समोरच्या टेकडीवर ऑगस्टीनियन मठाचा मोडका मनोरा उभा आहे. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ मध्ये शिराझ येथे मारली गेली. तिच्या अस्थींचा काही भाग १६२७ मध्ये या मठात आणला गेला. पुढे मठ ओस पडला, १८४२ मध्ये इगर्जीची कमान कोसळली. जुन्या पोर्तुगीज कागदांत त्या अस्थी कोणत्या दालनात, कितव्या खिडकीपाशी आहेत, एवढे नोंदलेले होते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने वर्षानुवर्षे ढिगारा उपसला, आधी वास्तूचा आराखडा जुळवला, मग ते दालन ओळखले आणि २००५ च्या सुमारास हाडे मिळाली. हैदराबादच्या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्राने त्यांचा डीएनए तपासला. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला : एका हाडाचा मातृवंश भारतात न आढळणारा आणि जॉर्जियात आढळणारा, बाकीची हाडे इथल्याच लोकांची. २०२१ मध्ये अस्थींचा काही भाग भारताने जॉर्जियाला दिला. कागद, फावडे आणि प्रयोगशाळा तिघांनी मिळून एक ओळ खरी ठरवली. यातले एक जरी वगळले असते, तरी भलतेच हाड राणीचे म्हणून पुजले गेले असते.

दिवाडीच्या बाबतीत हा धडा आज निकडीचा आहे. पोर्तुगीजांनी पाडलेल्या देवळांच्या जीर्णोद्धारासाठी गोवा सरकारने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात २० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. या भावनेला मी हसणार नाही. ती माझ्याही घरात आहे. पण पाया खणला की थर जातो. कपेलाचा थर नोंद न करता काढला तर विजयनगरचा थर कशाखाली होता हे सांगता येणार नाही. तो काढला तर कदंबांचा पायाही निराधार. वरचा थर काढल्याशिवाय खालचा दिसत नाही आणि काढलेला परत घालता येत नाही. देवळाच्या नावाने घाईने केलेले बांधकाम देवळाचाच उरलेला पुरावा संपवील. आधी मोजणी, आराखडे, छायाचित्रे, चाचणीखड्डे. मग जे काय करायचे ते.

आमच्या भागातला एक दाखला इथे आठवतो. वैभववाडीच्या शेजारी खारेपाटण. तिथे मिळालेला शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी त्याचे वाचन प्रसिद्ध केले, म्हणून दक्षिण कोकणच्या शिलाहारांची वंशावळ आपल्या हाती आली. त्या ताम्रपटात ज्या देवळाला गावे दिली, ते देऊळ माझ्या गावकऱ्यांपैकी कोणी दाखवू शकत नाही. वास्तू गेली तरी नोंद राहिली, आणि नोंद राहिली म्हणून आपण त्या देवळाविषयी दोन शब्द बोलू शकतो.

संध्याकाळी मी दुसऱ्या फेरीबोटीने उत्तरेकडच्या तीरावर उतरलो. त्या तीरावरच्या गावाचे नावही नार्वे. मूळचे हिंदळे, देवाबरोबर गावाचे नावही नदी ओलांडून आले, असे सांगतात. इथे नोव्हेंबर १६६८ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवळाच्या कामास प्रारंभ झाला. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी हा काल देवळावरच्या लेखात कोरलेला आहे. तेव्हा ही नदी सरहद्द होती. पुढे डिचोलीही पोर्तुगीजांकडे गेली, पण तोवर अठरावे शतक उतरले होते, त्यांची रीत बदलली होती, आणि हे देऊळ त्यांनी राहू दिले. अलीकडे राज्याच्या पुरातत्त्व खात्याने त्याचे जतन केले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले.

गाभाऱ्यात धारालिंग आहे, पैलू पाडलेले, गुळगुळीत. पुजाऱ्यांनी नेहमीप्रमाणे नाव, गोत्र, गाव विचारले.

‘वैभववाडी. मूळ दिवाडी,’ मी म्हणालो.

‘जाऊन आलात कधी?’

‘आजच,’ मी सांगितले. तिकडे आमची माणसे अजून आहेत, हेही सांगितले. पुजाऱ्यांनी माझ्या हातावर तीर्थ दिले, आणि मग जरा थांबून, सगळ्यांच्या नावाने म्हणून, आणखी एक पळी घातली.