राजापूरची खाडी आणि डोंगरची माती

ऐतिहासिक साधनें म्हटलीं म्हणजे दप्तरें, नाणीं, शिलालेख आणि ताम्रपट एवढ्यांचीच आपणांस आठवण होते. नदीच्या पात्रांत सांचलेला गाळ हेंहि एक साधनच आहे. परंतु संग्राहकांची दृष्टि त्याकडे क्वचितच वळते. प्रस्तुत टिपणांत राजापूरच्या खाडीच्या निमित्तानें या साधनाचा थोडा विचार करण्याचें योजिलें आहे.

राजापूर हें समुद्रापासून सुमारें १५ मैल आंत, खाडीच्या शेवटास वसलेलें गांव. इंग्रजांनीं येथें इ. स. १६४९ मध्यें वखार घातली. १६६१ मध्यें शिवाजीमहाराजांनीं राजापूर लुटलें तेव्हां ही वखारहि त्यांतून सुटली नाहीं. इतकें आंतलें गांव व्यापाराचें ठाणें व्हावें याचें कारण उघड आहे: एका बाजूस घाटावर चढणारी वाट, दुसऱ्या बाजूस थेट समुद्रापर्यंत जलमार्ग. पुढें १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरांत अशी नोंद आहे कीं, अरबी गलबतें राजापुराशीं अद्याप परभारें व्यापार करितात, पण बऱ्या आकाराचें गलबत जुन्या दगडी धक्क्याच्या ३ मैलांच्या आंत येऊं शकत नाहीं. धक्का जागेवर राहिला. त्यास उपयोगी पडणारें खोल पाणी मात्र नाहींसें झालें.

हें कसें घडलें? सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्र येथें जवळ, उतार तीव्र आणि पाऊस वर्षास १०० इंचांहून अधिक. डोंगरउतारावरील वरकस जमिनींत झाडोरा तोडून, जाळून नाचणी, वरी, हरीक पेरावयाचें, दोन-तीन वर्षें पीक काढून जमीन पडीत टाकावयाची, असा जुना प्रघात. पडीत टाकण्याची मुदत लांब असेपर्यंत गवत व झुडपें माती धरून ठेवीत. ती मुदत आंखूड झाली, कीं उघडी पडलेली माती मृगाच्या पहिल्या सरींबरोबर ओढ्यांत उतरते. आणि नदीचें पाणी भरतीस भेटून मंदावलें म्हणजे ती तेथेंच बसते.

हा संबंध सरकारदरबारीं मांडणारांत डॉ. अलेक्झांडर गिब्सन हा प्रमुख होय. पुण्याजवळील दापोडीच्या वनस्पतिबागेचा हा अधिकारी १८४७ मध्यें मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. दक्षिण कोंकणांतील डोंगर उघडे पडल्यामुळें खाड्या भरत चालल्या, हें त्यानें सरकारच्या नजरेस आणिलें. त्याची साक्ष मोलाची, तथापि ती वनखात्याची साक्ष आहे, हें विसरतां कामा नये. कुऱ्हाड केवळ वरकस पिकविणाऱ्या कुळाचीच नव्हती; जहाजबांधणीचें लांकूड आणि मुंबई शहराचें सरपण यांसाठींहि तेंच रान तुटत होतें. सारा दोष कुळाच्या माथीं मारणें हा न्याय नव्हे.

उलट बाजूची चूकहि टाळली पाहिजे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत (१७१५) आरमारासाठीं साग-शिसवादि वृक्ष हुजूरच्या परवानगीनें तोडावेत, रयतेच्या आंबा-फणसांस मात्र हात लावूं नये, असें बजाविलें आहे. यावरून त्या काळीं मृत्संधारणाचें धोरण होतें असें अनुमान काढणें आम्हांस मान्य नाहीं. तेथें चिंता आहे ती लांकडाची आणि रयतेच्या दुःखाची. मातीचा उल्लेख नाहीं. कागदांत जें नाहीं तें त्यांत घालणें हा कागदाचा सन्मान नव्हे.

मातीचा विचार स्पष्टपणें आढळतो तो जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथांत. सरकारनें पलटणींतील व पोलिसांतील फाजील माणसें लावून डोंगरउतारावर ताली व बंधारे घालावेत, म्हणजे पाणी शेतांत मुरेल व कस वाहून जाणार नाहीं, असें त्यांनीं सुचविलें. या सूचनेचें मर्म हें कीं, माती जेथून सुटते तेथेंच ती धरावी. सपाटीशीं समांतर बांध, बांधावर गवत, ओढ्याकांठीं राखलेलें रान आणि पावसाळ्यांत उघडी न ठेवलेली जमीन, हे आजचेहि उपाय त्याच जातीचे आहेत. त्यांनीं शेताचा कस व खतहि शेतांतच राहतें. २२ जुलै १९२१ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीच्या पुरानें चिपळूण बुडालें; त्यानंतर नदींतील गाळ उपसण्याचें काम हातीं घ्यावें लागलें. पण वरून माती येतच राहिली तर उपसा कधींच संपावयाचा नाहीं.

या कामीं संग्राहकांनीं साह्य करावें, अशी आमची विनंति आहे. खोत घराण्यांच्या रुमालांत वरकसाच्या वांटण्या, पडीताच्या मुदती, रान तोडीचे तंटे, बंदरजकातीचे हिशेब असे कागद निघण्याचा संभव असतो. राजकारणाचा मजकूर नाहीं म्हणून ते बाजूस पडतात. अमुक सालीं गलबत कोणत्या ठिकाणापर्यंत आलें, एवढी एक ओळ सांपडली, तरी खाडीच्या इतिहासांतील एक टप्पा निश्चित होईल. असे कागद वाळवीच्या भक्ष्यस्थानीं पडण्यापूर्वीं त्यांच्या नकला व्हाव्या, इतकेंच सुचवून हें टिपण पुरें करितों.