शेवाळ विष धरतं, पण जिरवत नाही



पावसाळा सरला की कुणकेश्वरापासून मालवणपर्यंतच्या कातळांवर तपकिरी शेवाळ दिसू लागतं. सरगॅसम ही त्यातलीच एक जात. लाटांनी तुटून ते पुळणीवर येतं आणि वाळतं. हेच वाळकं शेवाळ पाण्यातलं विष धरू शकतं. हे कसं कळलं, ते ऐका.

शिसं, पारा, कॅडमियम, आर्सेनिक पाण्यात विरघळले की डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी उकळून जंतू मरतात, पण हे जात नाहीत. जपानात मिनामाता इथे कारखान्यातला पारा समुद्रात गेला, मासळीत उतरला आणि ती खाणारी कोळ्यांची घरंच्या घरं आजारी पडली. हा रोग १९५६ साली उजेडात आला.

त्याआधीच, १८८१ साली, स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने समुद्रशेवाळातून अल्जिन नावाचा चिकट पदार्थ वेगळा केला होता. शेवाळाच्या पेशींच्या भिंतीत हा पदार्थ कॅल्शियम धरून असतो. शिसं किंवा कॅडमियम आलं की कॅल्शियम सोडतो आणि तो धातू धरतो. सुकटीच्या बदल्यात भात घ्यावं, तशी ही अदलाबदल. त्यासाठी शेवाळ जिवंत असावं लागत नाही. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात व्होलेस्की व सहकाऱ्यांनी १९९३ साली सरगॅसमवर कॅडमियमचे असे प्रयोग प्रसिद्ध केले.

त्याच साली बांगलादेशात कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक सापडलं. पुढे २००५ साली इंग्लंडात लेस्टर इथे परवेझ हॅरिस व सहकाऱ्यांनी जलपर्णीची मुळं वाळवून त्यांची पूड केली. लिटरमागे २०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असलेल्या पाण्यातून तिने तासाभरात ९३ टक्क्यांहून अधिक आर्सेनिक काढलं.

मग विहिरीत शेवाळ टाकावं का? मुळीच नाही. ते कुजून पाणी नासेल. शिवाय पूड धातूने भरली, आता आणखी धरणार नाही, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. आणि मुख्य गोष्ट अशी की धातू नाहीसा होत नाही, पाण्यातून निघून पुडीत जाऊन बसतो.

म्हणून एवढं ध्यानात ठेवा :

१. कारखान्याचं किंवा शहराचं सांडपाणी येतं तिथली जलपर्णी वा शेवाळ खतात घालू नका, गुरांनाही घालू नका. पाण्यातला धातू त्या वाटेने शेतात आणि दुधात येऊ शकतो.

२. स्वच्छ किनाऱ्यावरचं शेवाळ माडांना घालायचं तर आधी गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढा.

३. विहिरीच्या पाण्याची शंका आली तर ग्रामपंचायतीमार्फत नमुना प्रयोगशाळेत पाठवा आणि धातूंची तपासणी हवी, असं स्पष्ट सांगा.

शेवाळाचा गुण खरा आहे. पण धरलेलं विष पुढे कुठे जाणार, हे आपणच पाहायला हवं.