एकबेरीज

दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात तोच भंडारा जिल्ह्यात धानाची मोजणी सुरू होते. पवनी तालुक्यातले आसगावच घ्या. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा चौरास मुलूख, धानाचाच. इथला शेतकरी आधारभूत भावाने धान विकायला निघतो, तेव्हा ट्रॅक्टर जोडण्यापूर्वीच त्याचा धान एकदा खरेदी केंद्रावर जाऊन पोचलेला असतो, तो संगणकावर! सातबारा, त्यावरचा पीकपेरा, आधार क्रमांक, बँकेचे खाते यांची नोंद आधी. मग वजन, मग गोदाम, मग भरडाईसाठी राईस मिल. आणि चुकारा परस्पर खात्यात. एकाने एकदा लिहिलेला आकडा पुढच्या सर्वांना उपयोगी पडावा, पुन्हा कोणी नव्याने लिहू नये, असा हा बेत आहे.

मोठ्या कारखान्यांतून आणि पेढ्यांतून याच बेताला 'ईआरपी' म्हणतात. माल, माणसे, पैसा, यंत्रांचे तास या सगळ्यांचे नियोजन एकाच हिशेबातून करावयाचे, एवढाच त्याचा अर्थ. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत जोसेफ ऑर्लिकी याने कोणता सुटा भाग केव्हा व किती लागेल हे संगणकाकडून काढून घेण्याची रीत बसविली. १९७२ साली जर्मनीत आयबीएम सोडून बाहेर पडलेल्या पाच जणांनी 'सॅप' कंपनी काढली आणि खरेदी, कोठार व जमाखर्च एका दोऱ्यात ओवले. 'ईआरपी' हे नाव १९९० चे. मूल चालू लागल्यावर बारसे झाले, म्हणा ना!

यंत्र नवे खरे. पण 'सगळ्यांचा मिळून एक हिशेब' ही हाव जुनी आहे. पुण्यास पेशव्यांच्या कारकिर्दीत एक कचेरीच त्या नावाची होती : एकबेरीज दफ्तर. नानांनी ईआरपी शोधून काढला असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. तसला अभिमान दिवाळीच्या फटाक्यांबरोबर उडून जाऊ द्यावा. परंतु असा हिशेब उभा कसा राहतो आणि ढासळतो कसा, हे त्या दफ्तराइतके स्पष्ट क्वचितच पाहावयास मिळते.

हुजूर दफ्तराचे दोन मोठे भाग होते. चालते दफ्तर फडणिसाच्या हाताखाली. त्यात फड, बेहडा आणि सरंजाम अशा शाखा. फडावर सनदा-हुकूम निघत आणि रोजकीर्द लिहिली जाई. बेहड्यात मुलखाच्या वसुलाचे अंदाज बांधले जात. सरंजामाकडे सरदारांना लावून दिलेल्या मुलखाचे कागद. एकबेरीज दफ्तर मात्र पुण्यातच असे. बाकीच्या सर्व शाखांचे हिशेब तेथे येत, खात्यांवर लावले जात आणि साऱ्या राज्याची जमा किती, खर्च किती, शिल्लक काय, याचा वर्षाचा गोषवारा तेथे निघे. भरभराटीच्या काळात हुजूर दफ्तरात दोनशेवर कारकून होते. (आपल्याकडे पुढे संगणक येऊ लागले तेव्हा कारकुनांच्या पोटाची चिंता इतकी वाढली, की १९६९ साली वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली!)

पण पुण्यातली बेरीज बरोबर येण्यासाठी गावातला आकडा खरा हवा. तो राखण्याची जी व्यवस्था होती, ती मला सर्वांत मनोज्ञ वाटते. गावी कुलकर्णी, परगण्यात देशपांडे, वर मामलेदार. या मामलेदाराशेजारी दरकदार बसत. फडणीस हुकुमांवर व खतांवर तारीख घाली, रोजकीर्द राखी, पैशाच्या थैल्यांना चिठ्ठ्या बांधी. दफ्तरदार त्या कीर्दीवरून खतावणी करी व महिन्याचा गोषवारा हुजुरास धाडी. पोतनीस रोकड जमेची नोंद ठेवी, पोतदार नाणे पारखी. आणि मुख्य गोष्ट ही, की या दरकदारांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता. त्याचे पान त्याच्याच कचेरीत चारजण वाचत, आणि त्यांतला कोणी त्याच्या मर्जीवर जगत नसे.

१८०० साली नाना फडणीस वारले. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत दफ्तराची आबाळ झाली, कागद वाटेल तसे बाहेर गेले. हा सारा दोष आळसाला देऊन चालणार नाही. बाजीरावाने मामलती मक्त्याने देण्यास आरंभ केला. जो जास्त बोली बोलेल त्याला मुलूख! एकदा रक्कम ठोक ठरली, की गावात पीक आले की बुडाले, कुळाने दिले किती आणि मक्तेदाराने उपटले किती, हे पुण्याने विचारावेच कशाला? दरकदारांची पारख, कुलकर्ण्याची वही, साऱ्यांचे प्रयोजनच उरले नाही. एकबेरीज मोडली ती बेरीज कोणाला नको झाली म्हणून.

१८१८ नंतर हेच कागद इंग्रजांच्या हाती पडले. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने घरोघरच्या इनामांची चौकशी आरंभिली, तेव्हा पेशवे दफ्तर हाच मोठा पुरावा झाला. पिढ्यान्‌पिढ्या जमीन खाणाऱ्या घराण्यांना सनद दाखवा म्हणून विचारणा झाली. पुरावा अपुरा पडला त्यांची इनामे गेली. पूर्वी कोणा कारकुनाने लिहिलेली वा गाळलेली ओळ नातवा-पणतवांच्या ताटापर्यंत येऊन पोचली.

आसगावचा भाग पुण्याच्या नव्हे, नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. तिकडे गावच्या हिशेबनिसाला पांड्या म्हणत. १८५३ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले, मालगुजारी आली, ती १९५१ मध्ये गेली. पांड्याच्या वहीमागून पटवाऱ्याची आली, पटवाऱ्यामागून तलाठ्याचा सातबारा. वही बदलत गेली, पण लिहिणारा मात्र शेतकऱ्याहून निराळाच राहिला.

ते १५ ऑगस्ट २०२१ पासून पालटले. ई-पीक पाहणी आली आणि आपल्या शेतात काय उभे आहे हे शेतकऱ्याने स्वतः फोनमधून, बांधावर उभे राहून, छायाचित्रासह नोंदवावयाचे ठरले. कुलकर्णी, पांड्या, पटवारी या तिघांची लेखणी त्याच्या हातात आली म्हणावयाची! मात्र जोखीमही तिच्याबरोबर आली. रेंज नाही, फोन जुना, मुदत टळली, गट क्रमांक चुकला, की सातबारावर धान उमटत नाही. आणि तिथे नसलेला धान विकण्याच्या वाटेत पहिल्याच पायरीवर अडतो, मग खळ्यात त्याची रास का पडलेली असेना. दफ्तरदाराशी वाद घालावयाला निदान दफ्तरदार समोर बसलेला असे. इथे काट्यावरचा माणूसही शेतकऱ्याइतकाच हतबल. तो पडद्याकडे बोट दाखवितो. म्हणून पावसाळा सरता सरता बांधावर एखादी म्हातारी फोन उंच धरून उभी आणि शेजारचा शाळकरी पोरगा तिला कुठे बोट लावायचे ते सांगत असलेला दिसला, तर हसू नये. ती एकबेरजेतली आपली ओळ लिहीत असते.