खाशाबांचा गुडघा

कोल्हापुरात खाशाबा जाधवांचं नाव निघालं की गोष्ट हेलसिंकीला जाऊन थांबते. १९५२ साल, बँटमवेट गट, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्या प्रवासासाठी घर गहाण टाकलं, परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्यापुढचं वाक्य क्वचितच कुणी उच्चारतं: पुढच्या, म्हणजे १९५६च्या ऑलिंपिकआधी त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि मेलबर्न हुकलं.

मी त्या वाक्यापाशी अडतो, कारण माझ्या डाव्या गुडघ्यात आज मांडीमागच्या टेंडनपासून केलेलं लिगामेंट आहे. पेठेतल्या फुटबॉलची कृपा. तेव्हाच्या खेळाडूचा गुडघा गेला, तर त्याला काय मिळालं असतं?

तालमीत लेप, शेक आणि मालिश. दवाखान्यात डॉक्टरांचा हात आणि एक्स-रे. एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. एमआरआय यायला अजून कित्येक वर्षं होती. शस्त्रक्रियेची कल्पना मात्र जुनी होती. इंग्लंडमध्ये मेयो रॉब्सन यांनी १८९५ साली फाटलेली लिगामेंटं शिवली होती. हे ग्रोव्ह्ज यांनी १९१७ साली मांडीच्या बाहेरची पट्टी हाडातल्या बोगद्यातून ओवून नवं लिगामेंट केलं. आजची पद्धतही मुळात हीच. पण तेव्हा सांधा पूर्ण उघडावा लागे आणि नंतर कित्येक आठवडे प्लास्टर. प्लास्टरमध्ये मांडी वाळते, सांधा आखडतो. ज्याची सगळी कमाई मांडीत, त्या पैलवानाला हा उपाय दुखण्याइतकाच महाग.

१९८० साली इंग्लंडमध्येच डेव्हिड डँडी यांनी दुर्बिणीतून हे ऑपरेशन केलं. पण बरं होण्याची रीत बदलली ती अमेरिकेत. सर्जन डोनाल्ड शेलबोर्न यांच्या लक्षात आलं की सूचना न पाळता लवकर पाय हलवणारे, लवकर चालणारे पेशंटच जास्त चांगले बरे होताहेत. १९९० साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि पुढे प्लास्टर मागे पडलं. आज ऑपरेशननंतर लगेच फिजिओ गुडघा सरळ करायला लावतात.

तरीही सगळे परत येत नाहीत. २०१४ साली क्लेअर आर्डर्न आणि सहकाऱ्यांनी ६९ अभ्यास एकत्र करून पाहिले. शंभरातले ८१ जण कुठल्या तरी खेळात परतले होते, आधीच्या पातळीवर ६५, स्पर्धेत फक्त ५५. त्यात मनातल्या भीतीचाही वाटा असतो. माझा पाय डॉक्टरांच्या मते बरा होता, तेव्हाही टॅकल आलं की मी थबकायचो. २०१६ सालच्या नॉर्वेच्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली: नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणं जितकं लांबवाल, तितका पुन्हा दुखापतीचा धोका कमी. दर महिन्याला जवळपास निम्म्याने.

विनेश फोगट २०१६ साली रिओत चीनच्या सुन यानानशी लढताना गुडघा निखळून स्ट्रेचरवर बाहेर आली. २०१८ साली जकार्ताच्या एशियाडमध्ये तिने त्याच सुन यानानला हरवलं आणि सुवर्ण जिंकलं. मध्ये दोन वर्षं होती, डॉक्टर होते, फिजिओ होते.

आपल्याकडे अडतं ते इथेच. जत्रांच्या हंगामात मैदानं मारून खुराकाचा खर्च काढणाऱ्या पोराला नऊ महिने म्हणजे आख्खा हंगाम. ऑपरेशनसाठी वस्ताद, पाहुणे, पेठ मिळून वर्गणी काढतात. पुढच्या फिजिओसाठी, दुधा-बदामासाठी काढत नाहीत. मग पोरगं चौथ्या महिन्यात मातीत उतरतं. खर्डेकरांनी घर गहाण टाकलं ते मल्लाला हेलसिंकीपर्यंत पोहोचवायला. आता तितकाच पैसा आणि धीर त्याला नऊ महिने मैदानाबाहेर बसवायलाही लागतो.