पेन्शनीवर आलेला फौजी आजोबा

फौजेतला शिपाई म्हातारा होऊन गावी परतत नाही. पंधरा-सतरा वर्षांची नोकरी झाली की पस्तिशी-चाळिशीतच तो पेन्शनीवर घरी येतो. नातवंडे मांडीवर खेळू लागतात तेव्हा त्याला गावात येऊन वीसेक वर्षे झालेली असतात. धडधाकट शरीर, दरमहा हातात पडणारा पैसा आणि मोकळा वेळ, या तिन्ही गोष्टी एकत्र असलेला माणूस शेतकरी गावात सहसा दुसरा नसतो. म्हणून तालीम, भजनी मंडळ, गणेशोत्सव, जत्रेची वर्गणी या प्रत्येक ठिकाणी त्याला पुढे केले जाते. त्याचा दिलखुलासपणा आणि थट्टेखोरपणा ही नुसती स्वभावाची देणगी नाही. तो ज्या व्यवस्थेतून आला तिचाही त्यात मोठा वाटा आहे.

महाराष्ट्रात या व्यवस्थेची मुळे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत सापडतात. पुढे मराठा लाइट इन्फन्ट्री म्हणून नावारूपाला आलेल्या रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण, ‘जंगी पलटण’, १७६८ साली उभी राहिली. कोकण आणि घाटमाथ्यावरच्या गावांतून पोरे भरती होत, आणि पेन्शन घेऊन परत येत. कोकणातले दापोली हे अशा पेन्शनरांच्या वस्तीचे मोठे ठिकाण झाले. १८८६ मध्ये निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर तिथेच राहिले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत होते. लष्करी शाळेत शिकवलेल्या या कबीरपंथी सुभेदाराच्या घरी संध्याकाळी भजन होई आणि मुलांना रामायण-महाभारत वाचून दाखवले जाई. ज्या महार समाजाला गावची शाळा बंद होती, त्याच्यासाठी पलटणीची शाळा हा एक मोठा उघडा दरवाजा होता. १८९०च्या दशकात महारांची भरती बंद झाली तेव्हा पेन्शनरांनीच सरकारकडे अर्ज केले. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडलीही. कायमची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात सुरू झाली.

पहिल्या महायुद्धाने मराठी गावांत बसरा आणि बगदाद ही नावे आणली. मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या ‘पूना’ डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून या फौजा कुत-अल-अमारा इथे वेढ्यात अडकल्या आणि अन्नावाचून टेकीला येऊन २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेल्या. त्यानंतर वाळवंटातून कैद्यांची जी पायपीट झाली तिच्यात असंख्य माणसे वाटेतच गेली. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने या महायुद्धात ४६ माणसे गमावली. त्यांच्या स्मरणार्थ ब्रिटिश सरकारने गावात स्मारक उभारले. गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा लागला आणि घरटी एक तरी माणूस फौजेत, ही रीत तिथे आजही चालू आहे. चावडीवर हसून-हसवून किस्से सांगणारा म्हातारा अशा गावात पाहिला की हेही ध्यानात ठेवायला हवे की त्याच्या बरोबरीचे कित्येक जण किस्से सांगायला परतलेच नाहीत.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्यांमध्ये संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव होते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीकाठी त्यांच्या तुकडीवर मारा झाला. त्यांनी जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून पलीकडे नेले, मग परत फिरून शत्रूची तीन मशीनगन ठाणी बंद पाडली. हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून हातबॉम्ब वापरले आणि शेवटी बांधावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्यांना बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९८४ पर्यंत ते हयात होते. असा माणूस शेजारी राहतो, आपल्यासारखाच बाजारहाट करतो, ही गोष्ट पोरांच्या मनावर पुस्तकातल्या धड्यापेक्षा जास्त ठसते.

फौजीच्या घरातली सर्वांत ओळखीची वस्तू म्हणजे लोखंडी काळी ट्रंक. झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट लिहिलेले. सुटीवर येताना ती भरून येई: कँटीनचा साबण, बायकोसाठी साडी, पोरांसाठी लोकरी टोपी, आणि तळाशी रमची बाटली. पेन्शन झाल्यावर तिच्यात पदके, डिस्चार्ज बुक आणि एखादा ग्रुप फोटो उरतो. पलटणीची करमणूकही गावात उतरते. ‘बडाखाना’ म्हणजे अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात तो दिवस. त्यात गाणी, नकला, चेष्टामस्करी सगळे चालते. मराठा पलटणी सीमेवरही गणपती बसवतात आणि त्यांचे झांज पथक लष्करी सोहळ्यांत रंग भरते. पंधरा-सतरा वर्षे हे अंगवळणी पडलेला माणूस गावच्या मिरवणुकीत मागे राहील कसा? पहाटे पाचला उठून पोरांना धावायला नेणारा आणि रात्री त्याच पोरांना पोट धरून हसवणारा, असा दुहेरी आजोबा पलटणीतच घडतो. बोलता बोलता मराठीत हिंदी मिसळायची लकब आणि जेवणाला ‘लंगर’ म्हणायची सवय तर शेवटपर्यंत सुटत नाही.

मराठवाड्याचा इतिहास मात्र वेगळा आहे. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातले बोरी आणि आसपासची गावे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. सातारा-कोकणासारखी पिढीजात भरतीची परंपरा इकडे रुजली नाही. तरी हा मुलूख फौजेला अपरिचित नव्हता. १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच असलेल्या हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या या सैन्यात स्थानिकांबरोबर ‘परदेशी’ म्हणवले जाणारे उत्तर हिंदुस्थानीही पुष्कळ होते. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदुस्थानच्या लष्करात विलीन झाले. त्याच्या घोडदळातून आलेल्या डेक्कन हॉर्सने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूडजवळ भाले घेऊन हल्ला केला. पायदळाच्या पलटणींची १९२२ मध्ये हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ पासून तीच कुमाऊँ रेजिमेंट म्हणून ओळखली जाते. १९६२च्या चीन युद्धात रेझांग ला इथे लढलेल्या रेजिमेंटची मुळे अशी मराठवाड्याच्या छावण्यांपर्यंत पोहोचतात. ही गोष्ट परभणी-हिंगोलीच्या शाळांत आवर्जून सांगितली पाहिजे.

हैदराबाद मुक्तिसंग्रामामुळे मराठवाड्यातल्या आजोबांची एक निराळी पिढी घडली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. अनेक तरुण सरहद्दीवरच्या कॅम्पांत गेले, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आले. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, १९७२ मध्ये, देशभरातल्या स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले गेले. त्यामुळे इथल्या गावांत ‘सैनिक’ म्हटले की बराच काळ स्वातंत्र्यसैनिक डोळ्यांपुढे येई. भारतीय लष्करातला फौजी इकडे उशिरा रुळला. १९६६ नंतर भरतीचा वाटा राज्याच्या भरतीयोग्य पुरुषसंख्येवर ठरू लागला, आणि जुन्या भरतीच्या पट्ट्यांबाहेरच्या तरुणांनाही जागा झाली. आज छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) भरती कार्यालयाकडून परभणीच्या तरुणांची भरती होते, आणि पेन्शनीवर आलेल्यांची कामे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पाहते.

या परंपरेत सर्वांत मोठा बदल १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने झाला. अग्निवीराची नोकरी चार वर्षांची असते. त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवान कायम होतात. बाकीचे सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी घेऊन ऐन विशीत घरी येतात आणि त्यांना पेन्शन नाही. ज्या पेन्शनीच्या आधारावर गावातला फौजी आजोबा उभा होता, ती पुढच्या पिढीतल्या फार थोड्यांच्या वाट्याला येईल. आजच्या आजोबांच्या ट्रंकेतली डिस्चार्ज बुके, फोटो आणि तोंडचे किस्से ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी आताच लिहून-टिपून ठेवावेत.